रेव्हरंड टिळक : धर्मांतर आणि उत्तरकालीन कविता

अर्वाचीन मराठी कवितेचा इतिहास शिकविताना केशवसुत, रेव्हरंड टिळक, विनायक, गोविंदाग्रज आणि बालकवी ही पाच नावे एका ओळीत सांगण्याची आपली जुनी रीत आहे. यांपैकी चौघांचा परिचय त्यांच्या कवितेपासून आरंभिता येतो. नारायण वामन टिळकांच्या नावाआधी मात्र ‘रेव्हरंड’ ही उपाधी येते, आणि वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी तिचा अर्थ विचारल्यावाचून राहत नाही. ‘ते पुढे ख्रिस्ती झाले’ एवढे एक वाक्य सांगून आपण घाईने ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेकडे वळतो. या घाईत कवीचे अर्धे आयुष्य आणि त्याच्या कवितेचा बराच मोठा भाग मागे राहतो. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेने ज्यांना जतन केले ते एक टिळक, आणि ज्यांची भजने रविवारी मराठी ख्रिस्ती देवळांत गाइली जातात ते दुसरे टिळक, अशी एका कवीची वाटणी झालेली आहे. ती न्याय्य आहे काय, आणि धर्मांतराने टिळकांच्या कवितेचे काय झाले, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे बालपण कल्याणात गेले. मातेच्या मृत्यूनंतर लहान वयातच ते घर सोडून नाशकास गेले आणि तेथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली. तीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई. टिळक स्वभावाने फिरते. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा संपादक, अशी त्यांची उमेदवारीची वर्षे गेली. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. शीघ्रकवी म्हणून त्यांचा लौकिक याच काळात झाला. थोडक्यात, ज्यास पुढे धर्मभ्रष्ट म्हणून वाळीत टाकण्यात आले तो मनुष्य वेदविद्येच्या प्रसारार्थ लेखणी झिजविणारा होता.

धर्माविषयीची त्यांची अस्वस्थता मात्र जुनी होती. जातिभेदाने विस्कळित झालेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना देशप्रेमातून पडला होता. एक नवा धर्म आपणच स्थापावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले आणि त्याची तत्त्वे त्यांनी मनाशी जुळवून पाहिली होती. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले, आणि आपण शोधीत होतो ते येथे आहे असे त्यांना वाटू लागले. पुढे ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मराठी मिशनच्या पत्राच्या द्वारे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. हेच ॲबट पुढे महीपती, एकनाथ, तुकाराम इत्यादी संतांची चरित्रे व वचने इंग्रजीत नेणारे भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून.

या घटनेने केवढी खळबळ माजली असेल ते समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणिला पाहिजे. मराठी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे ही तेव्हा अगदीच नवी गोष्ट नव्हती. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. ते ब्राह्मण नव्हते. पण पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता, आणि तेव्हापासून हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांच्या घराशी येऊन ठेपला होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये केवळ चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या वादातून रानडे व भांडारकर यांनी त्या संस्थेशी असलेला आपला संबंध सोडला. चहाच्या पेल्याने जेथे समाज ढवळून निघे, तेथे एका विद्वान शास्त्र्याचे धर्मांतर कसे घेतले गेले असेल, हे निराळे सांगावयास नको.

सर्वांत मोठा घाव घरावर पडला. लक्ष्मीबाईंना पतीच्या निश्चयाची कल्पना बाप्तिस्म्यापूर्वी स्पष्टपणे देण्यात आलेली नव्हती. वार्ता कळली तेव्हा त्या लहानग्या मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. पुढील सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. त्यांतील काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. सौभाग्य आहे, पण त्याला प्रतिष्ठा नाही. अशी ती विलक्षण अवस्था होती. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित व्यक्तीस, जोडीदार नांदावयास तयार नसल्यास, न्यायालयातून विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी करून दिली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळेओवळे निराळे ठेविले. मग हळूहळू, स्वतःच्या विचाराने, त्यांनी एकेक बंधन सोडले आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

या प्रकरणात टिळकांचे समर्थन सरसकट करता येणार नाही. सत्याचा शोध हा ज्याचा त्याचा अधिकार खरा. पण ज्या निर्णयाने दुसऱ्याचे आयुष्य उलथून पडते तो त्या दुसऱ्यास अंधारात ठेवून घ्यावा काय, हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाईंनी हा प्रश्न आपल्या आत्मचरित्रात दडपला नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा लहरीपणा, त्यांचा राग, हातचे सर्व देऊन टाकण्याची त्यांची सवय, आणि त्या सर्वांच्या तळाशी असलेली निष्कपट माया, ही एकाच हसऱ्या लेखणीने रंगविली आहेत. टिळकांच्या धर्मांतरावर पुष्कळ वादविवाद झाले. त्यांतील बहुतेक विसरले गेले. ज्या बाईस त्या धर्मांतराची सर्वांत जबर किंमत मोजावी लागली तिची साक्ष तेवढी वाङ्मय म्हणून टिकली. इतिहासाचा हा न्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता कवितेकडे वळू. टिळकांच्या उत्तरकालीन कवितेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक असे, की धर्मांतराने एक चांगला कवी वाया गेला. प्रचारकाने कवीस गिळले. दुसरे असे, की ख्रिस्तभक्तीनेच त्यांची कविता परिपक्व झाली, पूर्वीची सारी कविता ही केवळ पूर्वतयारी होय. पहिले मत बहुधा भजने न वाचणाऱ्यांचे असते आणि दुसरे बहुधा भजनांवाचून दुसरे काही न वाचणाऱ्यांचे. दोन्ही मतांस एक साधी वस्तुस्थिती आड येते. ‘फुलामुलांचे कवी’ ही पदवी ज्या कवितांनी त्यांस मिळवून दिली त्यांतील पुष्कळशी रचना ते ख्रिस्ती झाल्यानंतरच्या अहमदनगरच्या वास्तव्यातील आहे. तेव्हा ‘धर्मांतरापूर्वीचे कवी टिळक’ आणि ‘धर्मांतरानंतरचे प्रचारक टिळक’ ही विभागणीच काळाच्या कसोटीवर टिकत नाही. फुलाकडे पाहणारी दृष्टी आणि प्रभूकडे पाहणारी दृष्टी या एकाच काळात, एकाच घरात, एकाच माणसाच्या ठायी नांदत होत्या.

बालकवींचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९०७ मध्ये जळगावास पहिले कविसंमेलन भरले, त्यात कोवळ्या वयाच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांस ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी या मुलास नगरला आपल्या घरी आणून पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळिले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी राहिलेले बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि तरीही त्या घराची माया त्यांस सुटली नाही. निसर्गकवितेचा जो झरा बालकवींत भरून वाहिला त्याच्या उगमाजवळ टिळकांचे घर होते, हे मराठी कवितेच्या इतिहासाने मान्य केलेले आहे. ज्यास समाजाने बाहेर काढिले तो त्या समाजाच्या कवितेचे असे पोषण करीत होता.

भजनांच्या बाबतीत टिळकांची कामगिरी नेमकी काय हे सांगण्यास थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस आले. मराठी ख्रिस्ती उपासनेत प्रथम जी गीते रूढ झाली त्यांत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पुष्कळ होती आणि ती मूळच्या पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. इंग्रजी चाल शब्दातील आघातावर उभी असते. मराठी पद्य अक्षरांच्या किंवा मात्रांच्या मोजणीवर चालते. त्यामुळे चालीचा जोर जेथे पडे तेथे शब्दाचे भलतेच अक्षर येई, आणि गाणारा भक्तीपेक्षा कसरतच अधिक करी. देशी वळणाची गीते व ख्रिस्ती कीर्तने टिळकांच्या आधीही कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी रचिली होती, तेव्हा सारे श्रेय एकट्या टिळकांस देणे अन्यायाचे होईल. पण त्या प्रवाहाला काव्याची खोली आणि संतपरंपरेशी उघड नाते टिळकांनीच दिले. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक, हा जो मोठ्या अभंगाचा साचा वारकऱ्यांच्या ओठी शतकानुशतके होता, त्यात त्यांनी ख्रिस्ताला आळविले. संतांप्रमाणेच आपल्या रचनांत त्यांनी ‘दास’ ही नाममुद्रा घातली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आणि विशेष हे, की पलीकडे गेल्यावर त्यांनी तो पूल मोडिला नाही. शंभराहून अधिक भजने आणि ‘अभंगांजली’तील अभंग ही त्याची साक्ष होत.

ही सारी रचना सारख्या योग्यतेची आहे असे मात्र म्हणता येत नाही. प्रसंगोपात्त लिहिलेली, उपदेशाच्या भाराने वाकलेली, ठरीव शब्दांची पुनरावृत्ती करणारी अशी तिच्यातील पद्ये थोडी नाहीत. सभेसाठी कविता हवी, सणासाठी गीत हवे, मासिकाची जागा भरावयाची आहे, अशा वेळी शीघ्रकवीचा हात आवरत नाही. परंतु हा दोष धर्मांतराचा नव्हे. तो त्यांच्या पहिल्या वयातील कवितेतही तितकाच दिसतो. ‘सुशीला’सारख्या दीर्घ काव्यात करुणरसाबरोबर बोधही वाहत राहतो. टिळक लिहीत भराभर आणि खोडीत थोडे. त्यांची कविता असमान आहे ती या स्वभावामुळे. जेथे उपदेश बाजूस राहून एकट्या जिवाचे देवाशी बोलणे चालते, तेथे तीच वेगवान लेखणी निरलंकार आणि आर्त होते. अशा अभंगांची संख्या मोजकी असली तरी त्यांच्या बळावर टिळकांस मराठी भक्तिकवितेच्या परंपरेत स्थान देणे प्राप्त आहे.

उत्तरायुष्यात टिळकांना आणखी एका विरोधास तोंड द्यावे लागले, आणि तो स्वकीय ख्रिस्ती मंडळींतून आला. १९०४ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. पण ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हा त्यांचा आग्रह दिवसेंदिवस तीव्र होत गेला. मिशनच्या पगारावर आणि परक्यांच्या देखरेखीखाली वाढणारी मंडळी ही या भूमीत रुजणार नाही, असे त्यांस वाटे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडिली, संन्यस्त वृत्ती पत्करिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने एक नवे मंडळ उभे केले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्म्यापायी ज्यांनी घरदार पणास लाविले त्यांनीच बाप्तिस्म्याची अट सैल करावी, हे अनेक धर्मबंधूंना रुचले नाही. १८९५ मध्ये एका समाजाने त्यांस परके मानिले, १९१७ मध्ये दुसऱ्या समाजातील काहींना ते पूर्णपणे आपले वाटेनात. दोन्ही वेळी त्यांचे म्हणणे एकच होते : देवाकडे जाण्यासाठी माणसास आपली माती सोडावी लागू नये. दरबाराचे रोपटे मूळ धरण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.

मागे एक मोठे काम अपुरे राहिले, ते ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध सांगण्याचा हा संकल्प टिळकांनी सोडिला तेव्हा अकराच्या आसपास अध्याय झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचेही निधन झाले, आणि १९३८ मध्ये हा ग्रंथ प्रकाशित झाला. ज्या पत्नीस एकदा पतीच्या निर्णयाची वार्ताही वेळेवर कळली नव्हती तिनेच त्याच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग लिहावा, यात त्या संसाराचे सारे मर्म आले.

गोमंतकीय वाचकांस या ठिकाणी फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेजुइटाने १६१६ मध्ये रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापविले. १९०७ मध्ये मंगळुरास प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत त्याच्या १०,९६२ ओव्या आहेत. त्यातील मराठीची स्तुती आपण कौतुकाने सांगतो. पण दोन्ही काव्यांतील अंतर ध्यानी घेतले पाहिजे. स्टीफन्स बाहेरून मराठीत आले, आणि ज्यांना नवा धर्म मिळाला होता त्यांच्यासाठी त्यांनी पुराण रचिले. त्यांच्यामागे राजसत्ता होती, आणि त्याच सत्तेने १६८४ मध्ये देशी भाषेवर बंदीचे फर्मान काढिले. टिळक मराठीच्या गाभाऱ्यातून निघाले, स्वेच्छेने निघाले, आणि बाहेर पडताना ती भाषा व तिचा छंद बरोबर घेऊन गेले. स्टीफन्सच्या ग्रंथाने मराठीस परक्याची दाद मिळाली, तर टिळकांच्या अभंगांनी मराठीचा पैस वाढला. ज्या आदराने आपण पहिल्याचे नाव घेतो त्या आदरास दुसरा अधिक पात्र आहे, आणि तरी त्याच्या भजनांचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो.

याचे कारण उघड आहे. वर्गात धर्माचा विषय निघाला की शिक्षक सावध होतो, आणि सावधपणा म्हणजे मौन असे आपण समजतो. हे मौन निरुपद्रवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा, ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून काही मंडळींनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस (आजच्या धाराशिवास) ते संमेलन पार पडले. पण जो प्रश्न १८९५ मध्ये विचारला गेला होता तोच सव्वाशे वर्षांनी, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा विचारला गेला : धर्म वेगळा असलेला मनुष्य मराठीचा कितपत? टिळकांची समग्र कविता ज्या पिढीने वाचली असती तिला हा प्रश्न विचारताना संकोच वाटला असता.

आपण बृहन्महाराष्ट्रातील लोक. राज्याची सीमा आणि भाषेची सीमा या एक नसतात हे आपण अनुभवाने जाणतो. गोव्यात, बेळगावात, इंदुरात वा बडोद्यात मराठी म्हणविण्यासाठी आपणांस कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही. भाषा आणि धर्म यांच्या सीमाही तशाच एक नसतात, हे मान्य करणे आपणांस इतरांहून सोपे जावे. टिळकांचे धर्मांतर योग्य की अयोग्य, याचा निवाडा करणे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. त्यामुळे घरास झालेले दुःख झाकू नये आणि कवितेतील उणिवाही झाकू नयेत. मात्र फुलांची कविता ठेवून अभंग वगळण्याचा, किंवा अभंग ठेवून फुले वगळण्याचा, अधिकार कोणासही नाही. निसर्गाच्या कवितेशेजारी टिळकांचा एक अभंग आणि ‘स्मृतिचित्रे’तील एक उतारा ठेवून वर्गात वाचून पाहावा. चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नास मग एका वाक्यात उत्तर देऊन पुढे जावे लागणार नाही.